मठातील तपकिरी एल : आस्वाद आणि निकष

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात एखाद्या पेयाचे परीक्षण कशासाठी, आणि तेही धर्मगुरूच्या लेखणीतून, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, बेल्जियममधील ट्रॅपिस्ट मठांतून निघणारी कडक तपकिरी एल ही मानवी हातांनी घडवलेली एक कृती आहे. तिला रंग, गंध आणि पोत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिला आरंभ, मध्य आणि शेवट आहे. कोठे थांबावे हे तिच्या कर्त्याला कळले आहे की नाही, हे घोटागणिक उमगते. जिथे थांबण्याचे भान तपासता येते तिथे समीक्षेला जागा असते. मग ती कृती कविता असो, भजनाची चाल असो, वा पेलाभर एल असो.

मद्याविषयी बोलायला आपल्या समाजाकडे शब्द पुष्कळ आहेत, पण ते जवळजवळ सारे चढण्याचे आणि उतरण्याचे आहेत. 'कडक' ही आपल्याकडची सर्वांत मोठी स्तुती. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी तिच्या गंधात नेमके काय आहे हे चार वाक्यांत सांगणारा मनुष्य आम्हांला क्वचितच भेटला. ज्या वस्तूची चव शब्दांत मांडता येत नाही तिच्याबाबत समाजापुढे दोनच वाटा उरतात : पिणे किंवा न पिणे. या दोहोंच्या मध्ये 'पारखणे' नावाचा एक व्यापार असतो, तो आपल्याकडे रुजलाच नाही. इंग्रज पत्रकार मायकेल जॅक्सन (१९४२–२००७; त्याच नावाचा गायक तो निराळा) यांनी १९७७ साली 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' हा ग्रंथ सिद्ध केला आणि बेल्जियमच्या एलविषयी बोलण्याची भाषा जगाला दिली. त्या भाषेचे ऋण मान्य करूनही आम्ही येथे आपल्याच स्वयंपाकघरातले आणि वाडीतले शब्द वापरणार आहोत. मनुकेला मनुका म्हणण्यासाठी परदेशी कोश उघडावा लागत नाही.

प्रथम ही एल म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सातू भिजवून त्याला मोड आणायचे, ते सुकवायचे, भाजायचे. त्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यातील पिठूळ अंशाची साखर होते. या गोड रसात हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले उकळायची, आणि रस निवला की त्यात यीस्ट सोडायचे. उबदार हवेत आंबणारे यीस्ट वापरले की होते ती एल. येथवर फारसे नवल नाही. नवल आहे ते साखरेचे. उकळत्या रसात बेल्जियन मठवासी बीटच्या साखरेचा गडद पाक ओततात. दिसायला तो आपल्या काकवीसारखा. त्याला तिकडे 'कँडी' साखर म्हणतात, आणि भाषाशास्त्रज्ञ 'कँडी' या शब्दाचे मूळ फारसी-अरबीच्या वाटेने आपल्या 'खंड' शब्दापर्यंत, म्हणजे आपल्या खडीसाखरेच्या घरापर्यंत आणून पोचवतात.

आता कोणाही गृहिणीला वाटेल की, साखर घातली म्हणजे पेय गोड होणार. घडते नेमके उलट. माल्टमधून उतरलेल्या काही शर्करा यीस्टला पचत नाहीत. त्या मागे राहून पेयाला जडपणा आणि गोडी देतात. पाकातील साखर मात्र यीस्ट जवळजवळ पूर्ण फस्त करते. तिचा मद्यार्क होतो, वायू होतो. गोडी उरत नाही. उरतो तो रंग, आणि उरतो मनुका व करपत आलेल्या साखरेचा वास. म्हणजे नाकाला गोडीचे वचन मिळते आणि जिभेला शेवटी कोरडेपणा भेटतो. या दोहोंतील अंतरावर या एलची सारी कलाकुसर उभी आहे. नाक आणि जीभ यांच्यात फारकत नसेल तर उरते केवळ मद्ययुक्त सरबत.

परदेशांत 'बेल्जियन धाटणीची' म्हणून जी तपकिरी एल केली जाते, ती बहुधा येथेच घसरते. कर्त्याने 'तपकिरी' हा शब्द वाचलेला असतो, पण त्या तपकिरीचा उगम वाचलेला नसतो. मग रंगासाठी कॅरमेल माल्टचा भरणा होतो, आणि माल्टची न पचलेली गोडी तळाशी चिकटून बसते. पहिला घोट छान वाटतो. तिसऱ्या घोटाला घसा चिकट होतो. अर्थात याला सन्माननीय अपवाद आहेत. अमेरिकेतील कूपर्सटाऊन येथे १९९७ सालापासून 'ओमेगँग' या नावाने निघणारी ८.२ टक्क्यांची अॅबी एल आम्ही एकदा चाखली आहे; तिच्यात मुळाक्षरे नीट गिरवल्याचा प्रत्यय येतो. तिच्या मालकीत २००३ सालापासून बेल्जियन कंपनीच आहे, हेही सांगून टाकतो.

लुव्हेन येथील अध्ययनाच्या दोन वर्षांत आणि पुढे एका प्रवासात आम्ही मठांच्या ज्या तपकिरी एल चाखल्या, त्यांपैकी चारांचा येथे विचार करू. एका संध्याकाळी एकच बाटली, सोबतीला एक फ्लेमिश धर्मगुरू, आणि बाटलीचे दोन वाटे, ही आमची रीत. एका बैठकीत आठ-दहा नमुने चाखून गुण देणाऱ्या परीक्षकांचे आम्हांला नवल वाटते. चौथ्या पेल्यानंतर जे गुण दिले जातात ते कोणी दिले, परीक्षकाने की पेल्याने?

पहिला मान वेस्टमालेचा. फ्रेंच राज्यक्रांतीत देशोधडीला लागलेल्या ट्रॅपिस्ट संन्याशांनी १७९४ साली अँटवर्प प्रांतातील या गावी बिऱ्हाड मांडले. १८३६ साली त्या मठाला अॅबीचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षीच्या १० डिसेंबरला तेथे तयार झालेली बिअर मठवासीयांच्या दुपारच्या जेवणात प्रथमच आली. १८५६ साली त्यांनी अधिक कडक अशी तपकिरी बिअर करावयास घेतली, आणि १९२६ साली तिच्या कृतीत सुधारणा होऊन आजची 'डुबेल' घडली. त्या दशकात कडक बिअरला गिऱ्हाईक वाढण्यास एक लौकिक कारणही होते. १९१९ साली बेल्जियमने सार्वजनिक पानगृहांत ऊर्ध्वपातित दारू विकण्यास बंदी केली. वांडरवेल्ड कायदा या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. जिन मिळेना तेव्हा लोक कडक बिअरकडे वळले. बंदीचे पाणी भलत्याच पाटाने वाहू लागते, हे दारूबंदीचे दिवस पाहिलेल्या आपल्या राज्याला कोणी शिकवायला नको.

वेस्टमाले डुबेल ७ टक्के मद्यार्काची आहे. आम्ही निवडलेल्या चौघींत सर्वांत सौम्य. पेल्यात ओतताना रंग तपकिरी दिसतो, पण दिव्यासमोर धरला की आतून तांबूस उजेड येतो. फेस दुधाळ, दाट, आणि पेल्याच्या कडेला जाळी विणत खाली उतरणारा. नाकाजवळ नेताच आम्हांला जी वस्तू आठवली तिचे नाव कोणत्याही इंग्रजी ग्रंथात सापडणार नाही : वसईची सुकेळी. उन्हात सुकवलेल्या राजेळी केळ्याला पान सोडताना जो मधाळ, किंचित आंबूस गंध येतो, तो हुबेहूब येथे आहे. यात कल्पनेचा खेळ नाही. हे यीस्ट आंबवण्याच्या क्रियेत जी सुगंधी द्रव्ये निर्माण करते त्यांतील एक पिकल्या केळ्याच्या वासाचे आहे आणि दुसरे लवंगेच्या वासाचे. त्यात पाकातील मनुकेची भर पडली की आपल्या वाडीतील माणसाला सुकेळीच आठवणार. मागोमाग भाजलेल्या पावाच्या कडेचा वास, आणि अगदी शेवटी कोकोची पुसट चाहूल.

जिभेवर ती गोड सुरुवात करते. मध्यावर भाजक्या माल्टचा खरपूसपणा येतो, वायूचे बारीक बुडबुडे तो पसरवतात, आणि मग, ऐकणाऱ्याला पुरते समाधान मिळण्याच्या क्षणभर आधी गायकाने समेवर यावे तशी, ती कोरडी होते. हॉप्सचा कडवटपणा मागे रेषेएवढा उरतो. या शेवटामुळे घोट पुरा होतो. तो पुढल्या घोटाकडे हात पसरत नाही. बिअरचे जाणकार ज्या एलची स्तुती करतात तिच्याबद्दल 'लगेच दुसरी मागवावीशी वाटते' असे म्हणतात. आमचा निकष याच्या विरुद्ध आहे. जी संपल्यावर दुसरी मागवावीशी वाटत नाही, आणि तरी जिचे स्मरण दुसऱ्या दिवशी राहते, ती श्रेष्ठ. वेस्टमाले डुबेल या निकषाला पूर्ण उतरते.

शिमेविषयी थोडक्यात. स्कूरमाँ येथील हा मठ १८५० सालचा, त्याची भट्टी १८६२ सालची. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील फादर थेओदोर यांनी लुव्हेन विद्यापीठातील प्राध्यापक जाँ द क्लेर्क यांच्या साहाय्याने मठाचे यीस्ट शुद्ध स्वरूपात वेगळे काढले, आणि नाताळसाठी म्हणून जी गडद एल केली तीच आजची ९ टक्क्यांची 'निळी शिमे'. प्राध्यापकमहाशयांना पुढे मठाच्याच भूमीत विसावा मिळाला. विज्ञान आणि मठ यांच्या मैत्रीचे ते एक सुंदर चिन्ह आहे. एलविषयी मात्र आमचे मत तितके उत्साही नाही. मिऱ्याची झणझणीत झाक, सुक्या अंजिराचा वास, हे सारे आहे; परंतु मद्यार्क जिभेच्या टोकाला उघडा लागतो. वक्त्याने मुद्द्यापेक्षा आवाज मोठा लावावा, तसे काहीसे होते. दोन-तीन वर्षे तळघरात ठेवलेली बाटली अधिक समंजस होते म्हणतात, आणि ते पटण्याजोगे आहे.

रोशफोरची गोष्ट निराळी. आर्देन टेकड्यांतील सेंट रेमी मठात बिअर केल्याची नोंद १५९५ पर्यंत मागे जाते. राज्यक्रांतीने तो मठ मोडला; १८८७ साली ट्रॅपिस्ट तेथे पुन्हा आले आणि १८९९ साली भट्टी पुन्हा पेटली. त्यांच्या एलची नावे केवळ आकडे आहेत : ६, ८, १०. पुष्कळांना वाटते की ही मद्यार्काची टक्केवारी. तसे नाही. आंबवण्यापूर्वीच्या रसाची घनता मोजण्याची जी जुनी बेल्जियन पद्धत होती तिच्यातून हे आकडे आले. '८'मध्ये मद्यार्क ९.२ टक्के आहे आणि '१०'मध्ये ११.३. या मठाला पाणी मिळते ते जवळच्या त्रिदेन झऱ्याचे. शेजारची चुनखडीची खाण अधिक खोल नेली तर झऱ्याचे काय होईल यावरून वर्षानुवर्षे वाद चालला, आणि २०२१ साली लिएज येथील अपील न्यायालयाने मठाच्या बाजूने निकाल दिला. पाण्यासाठी उभे राहणे म्हणजे काय, हे वसईकर वाचकांना आम्ही वेगळे सांगत नाही.

'८' हाती घ्यावी आणि सावकाश घ्यावी. रंग गढूळ, ओल्या मातीसारखा. दिसायला ती चौघींत सर्वांत कुरूप आहे. वासात खजूर, नाताळच्या केकसाठी महिनाभर मुरवलेला सुकामेवा, आणि कुठेतरी ओल्या लाकडाची थंडाई. जिभेवरचा प्रवास डुबेलपेक्षा लांब, वळणे अधिक, पण अखेर तीच : कोरडी. आणि येथे एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटली. घोट उतरल्यावर छातीत एक मंद ऊब येते. एल स्वतःच सांगते की, मी कडक आहे, जपून. कडकपणाचा ढोल नाही आणि तो लपवण्याची चलाखीही नाही. या प्रामाणिकपणासाठी आम्ही '८'ला डुबेलच्या शेजारी बसवतो. '१०' मात्र घोटभर पुरे. ती जेवणानंतरच्या पक्वान्नासारखी आहे. तिच्यात कोको आहे, पोर्ट वाइनची गाढता आहे, आणि सारे इतके आहे की कशाचीच उणीव न भासणे हीच तिची उणीव होऊन बसते.

आता वेस्टव्लेटरेन. हिंदीचे थोर अभ्यासक फादर कामिल बुल्के ज्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतात जन्मले, त्याच प्रांतात, हॉप्सच्या मळ्यांच्या मुलखात, १८३१ साली स्थापन झालेला सेंट सिक्स्टस मठ आहे. त्याच्या 'बारा' क्रमांकाच्या एलमध्ये १०.२ टक्के मद्यार्क आहे. २००५ साली बिअर-रसिकांच्या एका आंतरराष्ट्रीय मतगणनेत ती जगातील सर्वोत्कृष्ट ठरली आणि मठाच्या दारात मोटारींच्या रांगा लागल्या. मठवासीयांनी काय करावे? उत्पादन वाढवायला त्यांनी नकार दिला. गिऱ्हाइकाने आधी दूरध्वनी करून वेळ घ्यायची, मोटारीचा क्रमांक नोंदवायचा, पुढे विकणार नाही असे मान्य करायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. २०१९ पासून ही नोंदणी संगणकावरून होऊ लागली. तरीही चोरबाजार फोफावला. २०१८ साली नेदरलँड्समधील एका सुपरमार्केटने ती बाटली सुमारे दहा युरोला, म्हणजे मठाच्या दराच्या कित्येक पटीने, विकायला मांडली तेव्हा मठाने जाहीर नापसंती दर्शवली.

संत बेनेडिक्टच्या नियमावलीचा ५७ वा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना ही नापसंती कोठून आली ते कळेल. मठात तयार झालेली वस्तू विकताना लोभ शिरू देऊ नये आणि बाहेरच्यांपेक्षा ती थोडी स्वस्तच द्यावी, असा त्या अध्यायाचा आशय आहे. सुमारे पंधरा शतकांपूर्वीचा तो संकेत एका मठाने पाळावा, आणि त्या पाळण्यातूनच वस्तू दुर्मीळ होऊन बाहेर तिचा लिलाव व्हावा, ही विसंगती आम्हांला फार बोचते. दोष मठाचा नाही. दोष त्या रसिकतेचा, जिला चव कळण्याआधी किंमत कळते.

आणि चव? ती थोर आहे, यात शंका नाही. वेस्टव्लेटरेनला यीस्ट वेस्टमालेहून येते. म्हणजे 'बारा' ही एका अर्थी डुबेलची बहीण. पण थोरली बहीण साधे लुगडे नेसून उभी आहे आणि धाकटी सर्व दागिने घालून. मनुका, अंजीर, जळकी साखर, चॉकलेट, मध. एकावर एक थर. कारागिरी अशी की १०.२ टक्के मद्यार्क कुठेही सापडत नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. गोडीच्या शालीखाली एवढी शक्ती झाकून ठेवणे हे कसब आहे, पण पिणाऱ्याशी तो पुरता सरळ व्यवहार नव्हे. शिवाय शेवट गोड आहे, आणि गोड शेवट माणसाला पुन्हा पेल्याकडे ओढतो. तुलनेसाठी आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. १९४६ ते १९९२ या काळात या मठाच्या परवान्याने जवळच्या वाटू गावातील सेंट बर्नार्डस ही भट्टी एल करीत असे. परवाना संपल्यावर ती स्वतःच्या नावाने 'आप्ट १२' विकू लागली. ती दुकानात सहज मिळते. डोळे बांधून दोन्ही चाखल्या तर किती रसिक छातीठोकपणे निवड करतील, हा प्रश्न आम्ही फ्लेमिश मित्राला विचारला. तो नुसता हसला.

मठ आणि बिअर यांच्या नावाने जो बाजार मांडला गेला आहे त्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. 'ट्रॅपिस्ट' हा शब्द कोणी वापरावा यावर १९६२ साली गेंट येथील न्यायालयाने निकाल दिला, आणि १९९७ साली मठांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संघ स्थापन केला. त्याची षट्कोनी मुद्रा हवी असेल तर बिअर मठाच्या आवारातच, मठवासीयांच्या हातून वा देखरेखीखाली झाली पाहिजे; ती मठजीवनापुढे गौण असली पाहिजे; आणि चरितार्थ व डागडुजी भागून उरलेले उत्पन्न परोपकारात गेले पाहिजे. ही मुद्रा शोभेची नव्हे. आखेल येथील मठात संन्याशी उरले नाहीत तेव्हा २०२१ साली तेथील एलने ती गमावली. याउलट 'अॅबी बिअर' या नावाखाली कारखान्यांत जे तयार होते त्याच्या चिठ्ठीवर बहुधा मठाची कमान असते, नाहीतर एखादा गुबगुबीत हसरा संन्याशी. लेफ या अॅबीने १९५२ साली एका भट्टीवाल्याशी करार केला. आज ती बिअर एका अवाढव्य बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीची आहे आणि मठाला मानधन मिळते. व्यवहार कायदेशीर आहे. पण तिची तपकिरी एल चाखताना आम्हांला गोडी लागली, खोली लागली नाही. हसऱ्या संन्याशाने ती भरून निघत नाही. तसाच तो पायाचा रुंद पेला. त्याचा आकार मिस्सेतील चषकाची आठवण देतो म्हणून भाविकाने हुरळून जाऊ नये. रुंद तोंडाने वास मोकळा होतो, एवढेच त्याचे पुण्य.

येथे वाचकांच्या मनातील मूळ प्रश्नाकडे वळतो. आम्ही धर्मग्रामात काम करतो. पगाराच्या दिवशी अंगणात लेकरांना घेऊन वाट पाहणाऱ्या माता आम्ही पाहिल्या आहेत. पस्तिशीत यकृत गमावलेल्या तरुणांचे अंत्यविधी आम्ही केले आहेत. मग हे कौतुक कशाला? कारण वस्तू नीट पाहिल्याशिवाय तिचे सामर्थ्य कळत नाही. साधा हिशेब करा. आपल्याकडील विदेशी धाटणीच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के मद्यार्क असतो. तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगात तो सुमारे १३ मिलिलिटर भरतो. डुबेलच्या ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीत तो २३ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ दोन छोटे पेग. वेस्टव्लेटरेन 'बारा'च्या बाटलीत अडीच पेगांहून थोडा अधिक, आणि रोशफोर '१०'च्या बाटलीत जवळजवळ तीन. 'बिअरच तर आहे' असे म्हणणाऱ्याने हे आकडे पाठ करावेत. आणि ज्याला मद्याने एकदा धरले आहे त्याच्यासाठी पारखणे, आस्वाद, निकष हे सारे शब्द व्यर्थ आहेत. त्याने पहिला थेंबही घेऊ नये, आणि घरच्यांनी त्याच्यासमोर बाटली उघडू नये. मठाची मुद्रा त्यात काडीचाही फरक करीत नाही.

स्वतः मठवासी काय पितात, हे पाहणे उद्बोधक आहे. संत बेनेडिक्टने चाळिसाव्या अध्यायात संन्याशाला दिवसाकाठी द्राक्षारसाचे एक ठरीव माप दिले, तेही काहीशा नाइलाजाने. मद्य संन्याशांना शोभत नाही, पण काळ असा की हे त्यांना पटवता येत नाही, तेव्हा निदान तृप्तीपर्यंत पिऊ नये, असा त्याचा सूर आहे. वेस्टमाले आणि शिमे या दोन्ही मठांनी आपल्या पंगतीसाठी निराळी, सुमारे पाच टक्क्यांची हलकी बिअर ठेवली. कडक ती विक्रीसाठी, हलकी ती जेवणासाठी. दुपारनंतर प्रार्थना आहे, काम आहे. डोके जागेवर हवे.

बिअर हा मठजीवनाचा गाभा नाही, याचा सर्वांत चांगला दाखला आपल्याच देशात आहे. शिमेची एल ज्या स्कूरमाँ मठात होते, त्याच मठातील फ्रान्सिस माह्यू हे बेल्जियन संन्याशी १९५५ साली भारतात आले, आणि १९५८ साली बीड ग्रिफिथ्स यांच्यासह त्यांनी केरळच्या डोंगरात कुरिसुमला आश्रम स्थापला. पुढे ते फ्रान्सिस आचार्य म्हणून ओळखले गेले. २००२ साली ते निवर्तले. हातांच्या श्रमावर जगावे हा बेनेडिक्टचा दंडक त्यांनी तसाच ठेवला, पण भट्टी आणली नाही. त्यांनी गाई पाळल्या आणि दूध विकले. फ्लँडर्समध्ये सातूचे पेय हे गावाचे रोजचे पेय होते म्हणून मठाने ते केले. केरळच्या डोंगरात ते नव्हते, म्हणून केले नाही. १९९८ साली हा आश्रम सिस्टर्शियन संघात रीतसर सामील झाला, तेव्हा त्याच्या गोठ्याविषयी कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही.

राहता राहिला चाखण्याचा व्यवहार. बोटीवर वा परदेशी नोकरीला असलेल्या मुलांकरवी अशा बाटल्या आता आपल्या घरांत येऊ लागल्या आहेत, आणि बर्फाचे खडे टाकून त्यांची कशी दुर्दशा होते हे आम्ही पाहिले आहे. बर्फाळ थंडीत जीभ बधिर होते. सुकेळीही जाते आणि मनुकाही जातो. बाटली उभी ठेवावी, फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर राहू द्यावी. दहा ते चौदा अंश हे तिचे तापमान, आणि आपल्या वैशाखात ते गाठायला अर्ध्या तासाहूनही कमी वेळ लागेल. तळाशी यीस्टचा साका असतो. तो हलू न देता एका दमात, पेला तिरपा धरून ओतावी, आणि शेवटचे बोटभर बाटलीतच राहू द्यावे. वेस्टमालेचे लोक हा साका वेगळ्या लहान पेल्यात घेऊन पितात; तो आरोग्यदायी असल्याचे ते सांगतात, आम्हांला तो पिठूळ लागला. एका बाटलीचे दोन पेले करावेत. '१०' किंवा 'बारा' असेल तर चार. सोबत काही हवेच असेल तर जुने, कोरडे चीज घ्यावे. चकलीही चालते, पण ती तिखट नसावी.